वरच्या मजल्यावरची कडी

आमदार सापडले तेव्हा मतदान उरकलं होतं आणि सरकारचं विधेयक एका मताने पडलं होतं.

विधान भवनाचा वरचा मजला. समितीच्या खोलीला बाहेरून कडी. सुरक्षा अधिकारी बाईंनी ती काढली, तर आत आमदार घामाघूम उभे. बाईंच्या मागे, शोधायला सोबत आलेल्या आमदारांच्या पत्नी, हातात जेवणाचा डबा. भिंतींना ओल्या रंगाचा वास, दारावर दोन उघड्या वायरी लोंबत होत्या. टेबलावर डब्याच्या बुडाचा तेलकट गोल उमटला होता.

विधेयक होतं तळ्याचं पाणी कारखान्यांना देण्याचं, आणि तळं आमदारांच्याच मतदारसंघातलं. बाजूने मत द्या, हा पक्षाचा आदेश मोडला तर आमदारकी जाणार. पण कोंडलेल्या माणसाला कोण काय बोलणार? सगळं शेकलं शिपायावर. जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या खोल्यांना कड्या लावणं त्याचं काम. ही खोली आधीच बंद होती, असं तो कळवळून सांगत होता. त्याला निलंबित केलं. बायको आजारी असलेला तो माणूस जिन्याजवळच्या स्टुलावर डोकं धरून बसला. बाईंना ते बघवेना.

त्या पुन्हा वर आल्या. समोर आमदार, शेजारी त्यांच्या पत्नी, मांडीवर रिकामा डबा.

"इथे कुणी आलं होतं?"

"कुणीच नाही. एकटाच जेवलो, जरा डोळा लागला."

"मग?"

"घंटा वाजली तसा धावलो. दार बंद. हात दुखेपर्यंत बडवलं."

घंटा म्हणजे मतदानाची. ती थांबली की सभागृहाची दारं लागतात. सहा वेळा निवडून आलेल्या आमदारांचा सगळा संसार तिच्यावर चालला होता.

बाईंनी दारावरच्या वायरींकडे बोट दाखवलं.

"रंगकामासाठी या मजल्यावरच्या सगळ्या घंटा कालच काढल्यात. खालचा आवाज इथे पोचत नाही, म्हणून आज इथे बसू नका असं सगळ्यांना कळवलं होतं. तुम्ही तरीही आलात, आणि न वाजलेली घंटा ऐकलीत. इतक्या वर्षांच्या सवयीनं बोलून गेलात, साहेब."

आमदारांनी मान वर करून वायरींकडे पाहिलं.

"दुसरं म्हणजे हा टेबलावरचा डाग. एकटे जेवलात, तर डबा बंद दारातून बाहेर कसा गेला? वहिनी, मी दार उघडलं तेव्हा तो तुमच्या हातात होता. तुम्ही जेवू घातलंत, डबा उचललात आणि जाताना बाहेरून कडी लावलीत. हो ना?"

पत्नींनी डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं. "यांनीच सांगितलं," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, उभे राहा आणि सरळ नाही म्हणा."

"नाही म्हटलं असतं तर पक्षानं हाकललं असतं," आमदार कसंबसं म्हणाले. "हो म्हटलं असतं तर गावात तोंड दाखवता आलं नसतं. म्हटलं, सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही."

"तुटला तो शिपाई."

खुर्ची टिकवता टिकवता आपण कुठवर घसरलो हे आमदारांना पहिल्यांदाच दिसलं, आणि लाज वाटली. पत्नी उठून दाराशी जाऊन थांबल्या.

"पक्षाला मी कळवू?" बाईंनी विचारलं.

"मीच सांगतो. पण आधी त्याला."

तिघं जिन्यापाशी आली. आमदारांना पाहून शिपाई सवयीनं ताडकन उभा राहिला.

"बस," आमदार म्हणाले, आणि स्वतः त्याच्यापुढे उभे राहिले. "कडी मी लावायला लावली."