पाठीवरचा ब्रश

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण हे ऐकीव नाही, माझ्या अंगावर घडलंय.

मी राजश्री. सोलापुरात फिजिओथेरपी शिकते. गेल्या मार्चमधली रविवारची संध्याकाळ होती. हॉस्टेल जवळपास रिकामं.

आमच्या मॅडम स्नायू रंगवून शिकवतात. जोडीदारणीनं आपल्या पाठीवर ब्रशनं स्नायू काढायचा, आपण न बघता त्याचं नाव सांगायचं. परीक्षाही तशीच, न बघता. मी एकदा आपटले होते. आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, बजावलं होतं की या खेपेला नापास झालीस तर शिक्षण बंद, सरळ लग्न.

परीक्षा सोमवारी. आणि माझी जोडीदारीण रेश्मा मंद्रूपला घरी गेलेली. अंधार पडायच्या आत येते म्हणाली होती.

नवी पेठेतून आणलेल्या रंगाच्या बाटल्या मांडल्या. मगात पाणी घेतलं. पाठ उघडी टाकून, दाराकडे पाठ करून बसले.

दार करकरलं...

"लई उशीर केलास," मी चिडूनच म्हणाले.



मगात ब्रश खळबळला... आणि मानेखाली गार रेघ उमटली.

मी ट्रॅपेझियस म्हणाले. ब्रश पुढे सरकला. पुढचं नाव चुकलं, तर तो परत तिथंच फिरला. बरोबर येईपर्यंत फिरत राहिला.

रेश्माला एवढा धीर कुठला? ती तर लगेच वैतागते.

तेवढ्यात फोन वाजला.

रेश्माचा.

"राजे, मी अजून मंद्रूपलाच हाय गं. एसटीच न्हाय. सकाळी येते."



पाठीवरचा ब्रश थांबला होता... पण उचलला नव्हता.

नावाची वाट बघत होता.

पळायला हवं होतं मी. पण अर्धी पाठ अजून राहिली होती. आईशप्पथ सांगते, मी उठले नाही. पुढचं नाव सांगितलं.

ब्रश पुढे सरकला.

शेवटचं नाव झालं, तरी दार वाजलं नाही. पावलंही नाहीत. कितीतरी वेळानं वळून बघितलं...

खोलीत कुणीच नव्हतं.

आरशात बघितलं, तर पाठीवर एकेक स्नायू लाल रंगात नीट काढलेला. मगातलं पाणीही लाल.

बाटल्यांची सीलं मात्र अजून फोडलेलीच नव्हती.

सोमवारी मॅडमनी बोट ठेवलं तिथलं नाव आलं. मी पास झाले. दादांनी गावभर पेढे वाटले. रेश्माला सगळं सांगितलं, तर घाबरून बिचारीला रात्रभर झोप नाही.

आता पुढची परीक्षा तोंडावर आलीय. रेश्मा म्हणाली, या खेपेला मी कुठंच जात नाही, तुझ्याजवळच बसते.



"तू जाऊन ये की गावाला," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघतच राहिली. तेव्हापासून मला माझीच भीती वाटतेय.