मनगटाखालची मेणबत्ती

शनिवारी दुपारची जेवणं उरकली की स्वप्ना स्कूटर काढायची आणि ऋतिकाला मागे बसवून मनवेलपाड्याहून थेट गिरीजला पियानोच्या क्लासला न्यायची. पूल ओलांडून पश्चिमेला उतरलं की हॉर्नचा गोंगाट मागे पडायचा आणि केळीच्या वाड्या सुरू व्हायच्या. नऊ वर्षांची ऋतिका आईच्या कमरेला विळखा घालून स्वतःशीच काहीबाही गुणगुणत असायची. पोरीला सुरांची गोडी होती. ती तशीच राहू दिली असती, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण नुसत्या गोडीने स्वप्नाचं भागत नव्हतं. तिला ग्रेडची परीक्षा हवी होती, हॉलच्या भिंतीवर सर्टिफिकेट हवं होतं, आणि ते त्यांच्याच बिल्डिंगमधल्या, त्याच क्लासला येणाऱ्या सुमेधच्या आधी हवं होतं. तशी बाई वाईट नव्हती हो. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना दवाखान्यात नेणारी, अडल्यानडल्याला धावणारी. फक्त आपल्या पोरीच्या पुढे दुसऱ्याचं पोर गेलेलं तिला बघवत नसे. असं माणूस आपल्या ओळखीत एक तरी असतंच, आणि आपण त्याला हौशी म्हणून सोडून देतो.

क्लास घेणाऱ्या उर्सुला मिस पन्नाशीच्या होत्या, एकट्याच राहायच्या, आणि भर मे महिन्यातही मनगटापर्यंत बाह्यांचा झगा घालायच्या. त्यांच्या पुढच्या खोलीत उभा काळा पियानो होता. त्याच्या दर्शनी बाजूला पितळेचे दोन जुने हात होते, पूर्वी वीज नसताना मेणबत्त्या लावायला केलेले. एक रिकामा होता. दुसऱ्यात पिवळ्या पडलेल्या मेणबत्तीचं बोटभर थोटूक होतं. खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास असायचा.

मिस कधी कोणावर आवाज चढवत नसत. मुलाच्या पालथ्या हातावर एक चिंचोका ठेवायच्या आणि म्हणायच्या, वाजव, हा पडता कामा नये. मनगट खाली गेलं की चिंचोका घरंगळायचा. सुमेधचा पडेनासा झाला होता. ऋतिकाचा दर दोन ओळींनी पडायचा, आणि पडला की ती खुदकन हसायची. बाकावर बसलेल्या स्वप्नाच्या कपाळाची शीर त्या हसण्यासरशी उडायची.

त्या शनिवारी मिसनी सांगून टाकलं की यंदा परीक्षेला सुमेध बसेल, ऋतिकाला आणखी एक वर्ष लागेल. स्वप्नाने पोरीला वाडीत खेळायला पिटाळलं आणि मिसना विचारलं, की तुम्ही एवढ्या मऊ का वागता, तुम्हाला असंच शिकवलं होतं का?

उर्सुला मिसनी पियानोचं झाकण मिटलं. मग त्यांनी सांगितलं. हा पियानो त्यांच्या मावशीचा, मॅग्डलीन आन्टीचा. आन्टी मूळच्या पाचूबंदरच्या, कोळ्यांच्या घरातल्या. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या आणि घरी मुलांना शिकवायच्या. त्या चिंचोका वापरत नसत. ज्या हाताचं मनगट ढिलं पडे, त्याच्या खाली पेटती मेणबत्ती धरत. मनगट खाली आलं तर काय होईल ते मुलाचं मुलाने बघायचं.

"आन्टीचं एकही मूल कधी नापास झालं नाही," मिस म्हणाल्या. "आणि परीक्षेनंतर एकानेही पुन्हा पियानोला हात लावला नाही. मी शिकवते… पण वाजवत नाही. तुम्ही कधी ऐकलंय मला वाजवताना?"

स्वप्नाने ऐकलं नव्हतं. पण तिच्या कानात मिसच्या बोलण्याचा पहिला अर्धाच भाग शिरला होता.

"शेवटी आन्टी अंथरुणाला खिळल्या," मिस हलक्या आवाजात पुढे म्हणाल्या, "तर त्यांचे हात असे वर… वाजवायला धरतात तसे. आन्टी गेल्या तरी हात खाली येईनात. शवपेटीचं झाकण लागेना. शेवटी हातांना रोझरीची जपमाळ दोनदा गुंडाळून आम्ही ते बांधले."

मग त्या स्वयंपाकघरात चहा टाकायला गेल्या.

आता स्वप्नाने काय करावं? देवळातला अंगारा पोरीच्या कंपासपेटीत ठेवणारी ती बाई. शाळेच्या परीक्षेला महाराजांच्या मठातलं फूल, चित्रकलेच्या परीक्षेला जीवदानी देवीचं कुंकू. ज्याला गुण आलाय ती वस्तू जवळ असावी, एवढं साधं तिचं गणित. मेणबत्ती कुठल्याही किराणा दुकानात मिळाली असती, पण ती एकही मूल नापास न झालेली मेणबत्ती नव्हे. तिने पितळी हातातलं थोटूक उचकटलं, रुमालात गुंडाळलं आणि पर्समध्ये टाकलं. हात जोडायलाही ती विसरली नाही.

घरी कीबोर्ड होता. खालच्या आजोबांना त्रास नको म्हणून ऋतिका हेडफोन लावून सराव करायची, त्यामुळे घरात सूर ऐकू येत नसे, नुसती प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची टकटक. सोमवारी शाळेतून आल्यावर स्वप्नाने पोरीला बसवलं, टेबलाच्या कडेवर, बरोबर तिच्या मनगटाखाली, थोटूक उभं केलं आणि पेटवलं.

ऋतिकाला आधी तो खेळ वाटला. मग मनगट खाली आलं. ती किंचाळली, रडली, आईच्या कुशीत शिरायला निघाली. स्वप्नाने तिला खांदे धरून परत स्टुलावर बसवलं. तिला वाईट वाटलं. पण तिने मेणबत्ती काही हलवली नाही. पोरीच्या भल्यासाठीच चाललंय, हे तिने मनाला पुन्हा पुन्हा बजावलं. परेश, म्हणजे तिचा नवरा, कामावरून आल्यावर तिने त्याला सांगितलं की पोरीचा हात इस्त्रीला लागला.

बुधवारपर्यंत मनगटं तरंगायला लागली. गुरुवारी मात्र दुपारी कपडे वाळत घालून स्वप्ना आत आली तेव्हा ऋतिका आपण होऊन सरावाला बसलेली होती. मेणबत्ती जळत होती. काडेपेटी तर स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, जिथे पोरीचा हात पोचत नसे, तिथे ठेवलेली होती. स्वप्नाने फळीवर पाहिलं. काडेपेटी जागेवर होती. आणि खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. तिच्या घरात डांबराच्या गोळ्या कधीच नव्हत्या.

शनिवारी चिंचोका पडला नाही. एकदाही नाही. ऋतिका हसलीही नाही. तिने सगळा धडा सरळ पाठीने, डोळे समोर लावून वाजवला. उर्सुला मिसचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. हे कोणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं, तर पोर म्हणाली, "टीचरने."

मिसची नजर पोरीच्या मनगटाखालच्या डागावर गेली आणि तिथून पियानोच्या आता रिकाम्या झालेल्या दुसऱ्या पितळी हातावर.

"स्वप्ना," त्या म्हणाल्या, "ते थोटूक कोणी नेलं असेल… तर आजच्या आज परत आणून ठेवावं. आन्टी शिकवणी अर्ध्यात सोडत नसत."

स्वप्नाला तिथेच कबूल करता आलं असतं. थोटूक तिच्या पर्समध्येच होतं. पण मिसनी परीक्षेचा फॉर्म अजून दिला नव्हता. तिने शपथेवर सांगितलं की मी पाहिलंसुद्धा नाही, आणि वर विचारलं, आता तरी हिला यंदा बसवाल ना? मिसनी मान हलवली. ती होकाराची होती की कसली, ते पाहायला स्वप्ना थांबली नाही.

सोमवारी संध्याकाळी दिवेलागणीला लाइट गेली. पंखा थांबला, फ्रिज थांबला, सगळी बिल्डिंग एकदम चिडीचूप झाली. त्या शांततेत आतल्या खोलीतून टकटक येत राहिली. स्वप्ना भाजी चिरत होती. कीबोर्ड विजेवर चालतो हे तिच्या उशिरा ध्यानात आलं.

आत ऋतिका काळोखात हेडफोन लावून वाजवत होती. मेणबत्तीची ज्योत सरळ उभी होती, जरासुद्धा लवत नव्हती.

"ऋतू, ऊठ. लाइट गेलीय."

बोटं चालत राहिली. स्वप्नाने तिच्या कानांवरचे हेडफोन ओढले आणि स्वतःच्या कानाला लावले. आत पियानो वाजत होता, जुना, जड, खोलीभर घुमणारा. आणि त्याच्यामागे एक म्हातारी बाई संथपणे बोलत होती.

"आनखी वर… आनखी वर, बाय…"

स्वप्नाने हेडफोन फेकून दिले आणि पोरीचे हात धरून खाली ओढले. ते येईनात. नऊ वर्षांच्या पोरीचे ते काडीसारखे हात, त्यांना ती दोन्ही हातांनी लोंबकळली तरी तसूभर हलेनात. ऋतिकाच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज शांत होता.

"टीचर म्हणतात मी पास झाले. आता तू बस."

"तिला सोडा," स्वप्ना अंधाराला म्हणाली. "चूक माझी आहे. लेकराला सोडा…"

"मग बस ना, आई."

ती बसली. आईच ती, बसणारच. पट्ट्यांवर तिने हात ठेवले मात्र, ऋतिकाचे हात धप्पकन मांडीत पडले. पोरीने ते चोळले, डोळे पुसले. मग तिने मेणबत्ती उचलली आणि नीट नेम धरून आईच्या मनगटाखाली सरकवली. स्वप्नाने मागच्या सोमवारी केलं होतं अगदी तसंच, आणि खांदाही तसाच घट्ट धरला.

परेश आला, लाइट आली, तोवर बराच वेळ गेला होता.

पुढच्या शनिवारी स्वप्नाने थोटूक रुमालात बांधून परत नेलं. मिसनी रुमाल सोडला आणि त्या बघतच राहिल्या. बोटभर होती ती मेणबत्ती वीतभर झाली होती.

"पोरीचे हात खाली आले?" मिसनी विचारलं.

"आले."

"ती वाजवते?"

"पियानोचं नाव काढू देत नाही."

स्वप्नाने आपले हात ओढणीखाली धरले होते. मिसनी ओढणी बाजूला केली, मनगटांवरच्या पट्ट्या पाहिल्या, आणि कपाटातून एक लाकडी मण्यांची रोझरी काढून दिली.

"झोपताना हातांना गुंडाळायची. दोनदा." त्यांनी झग्याची बाही जराशी वर केली. मनगटाभोवती मण्यांचे खोल वळ होते. "मीही गुंडाळते. झोपेत फार वर जातात… जागेपणी सहसा काही होत नाही."

स्वप्नाने रोझरी स्कूटरच्या डिकीत ठेवली. बाहेर वाडीतच थांबलेली ऋतिका मागे बसली. वाड्या संपल्या, रस्ता रुंद झाला, ट्रक लागले. पुलाचा चढ संपवून स्कूटर उताराला लागली तेव्हा कितीतरी दिवसांनी पोरीने तिच्या कमरेला विळखा घातला. स्वप्नाला भरून आलं. पोर सुटली, आता बाकी काय व्हायचं ते होवो, असं तिला वाटलं.

तेवढ्यात डांबराच्या गोळ्यांचा वास आला. कमरेभोवतीचे हात आवळले गेले आणि ऋतिकाने आईच्या कानाशी तोंड नेलं.

"आनखी वर, बाय."

हँडलवरून स्वप्नाचे दोन्ही हात उचलले गेले.