काचेमागचा फुकट नंबर

कोरियातल्या तोंगयंग बंदरात गाडी उभी करायची तर काचेमागे फोन नंबराची पाटी हवीच. कुणाची वाट अडली की तो फोन करतो आणि आपण चपला शोधत, "आलो, आलो" म्हणत जिना उतरायचा. मा पिल्ग्यू यांच्या निळ्या गाडीत मात्र नंबर बायकोचा, ओकदानबाईंचा होता. म्हाताऱ्याला फोनची घंटी ऐकू येत नसे. निदान जेवताना तरी येत नसे.

तीस वर्षं त्यांनी अख्ख्या बंदराला गाडी चालवायला शिकवलं, आणि आता अख्ख्या बंदराची वाट अडवत होते. एका महिन्यात अकरा तक्रारी झाल्या तेव्हा ओकदानबाईंनी माशाचे खवले काढता काढता निकाल दिला.

"अहो, आता एक जरी फोन आला ना, की किल्ल्या माझ्या. मग बसा बसथांब्यावर, आपल्याच शिष्यांना हात करत."

किल्ल्या गेल्या तर पिल्ग्यूंचं उरायचं काय? दात तर आधीच गेले होते.

उपाय न्हाव्याने सांगितला. "फोनमध्ये एक ॲप घ्या, साहेब. दुसरा नंबर फुकट मिळतो. तो लावा काचेला. बाईंना कळतंय कशाला!"

त्याच दुपारी नवी पाटी लागली. गॅलरीत बसून ते खाली गाडीकडे कौतुकाने बघत होते, तोच नव्या नंबरावर पहिला फोन आला.

"आजोबा, गाडी काढा ना. टोफूच्या दुकानाचं दार अडलंय."

"अरे, माझी गाडी माझ्या डोळ्यांसमोर उभी आहे."

"निळी, ४४१७. मागच्या सीटवर गवती टोपी. मग ही काय माझ्या सासऱ्याची?"

दुसऱ्या दिवशी पिल्ग्यू टोफू आणायला गेले. जागा कुठेच नव्हती, म्हणून दुकानाच्या दारातच गाडी लावली. फोन आलाच नाही. यायचा कसा? तो आदल्या दिवशीच येऊन गेला होता.

दुसरा कुणी असता तर देवऋषिणीकडे धावला असता. पिल्ग्यूंनी वही घेतली. ज्या जागेची तक्रार येई, ती जागा दुसऱ्या दिवशी टाळायची. महिनाभर त्यांनी कुणाचीही वाट अडवली नाही.

"सुधारलात की हो!" म्हणत ओकदानबाईंनी पानात चार कालवं जास्त वाढली.

मग एका लख्ख दुपारी फोन आला. पलीकडे वारा होता आणि कुणी खलाशी.

"आजोबा, गाडी काढा. होडी लागत नाहीये."

"धक्क्यावर आहे का?"

"धक्क्याखाली. ओहोटीला टप दिसतं. पाटी मात्र पाण्यातूनही वाचता येते हं. अक्षर छान आहे तुमचं."

पिल्ग्यू उठले, स्वयंपाकघरात गेले आणि किल्ल्या बायकोच्या तळहातावर ठेवल्या.

"ठेव तुझ्याकडे. नजर गेली माझी."

ओकदानबाईंनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग किल्ल्या तांदळाच्या पिंपात टाकल्या आणि झाकणावर किमचीची बरणी ठेवली.

दुसऱ्या दिवशी पिल्ग्यू गॅलरीतून हलले नाहीत. खाली गाडी उन्हात उभी होती. ओहोटी आली, गेली. दुपारी त्यांनी दोन वाडगे भात खाल्ला, खुर्चीतच जरा डोळा लावला, आणि मग खुशीत गुणगुणत फडकं घेऊन खाली उतरले.

टप ओलं होतं.

दहा दिवसांत पाऊस नव्हता. वायपरला शेवाळ लोंबत होतं.

फोन वाजला. "गाडी हलवलीत, आभारी आहे, आजोबा."

पिल्ग्यूंनी आत वाकून पाहिलं. मागच्या सीटवर टोपी नव्हती.

"आत बसलेले गृहस्थ तेवढे मागे राहिले होते," खलाशी म्हणाला. "गवती टोपीवाले. म्हटलं सोडतो, तर म्हणाले नको. पायीच निघाले घरी. पोचले का?"

वरून, गॅलरीतून ओकदानबाईंचा आवाज आला.

"अहो! आत्ता तर ओल्या पायांनी किल्ल्या मागत आत आलात. खाली कधी गेलात परत?"

पिल्ग्यूंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

समोर निळ्या गाडीची कुलपं टिक् करून उघडली.