बारा फुटांचा उतार

चिंचबन तालमीच्या फुटबॉल संघानं त्या दिवशी पहिला गोल मारला, तेव्हा माझी पाठ मैदानाकडं होती. त्याला कारण मृत्युंजय.

फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की चिंचबनचा एकही सामना मी चुकवत नाही. गॅलरीला पायऱ्या, म्हणून माझी व्हीलचेअर खाली फाटकाजवळच्या कोपऱ्यात असते. तिथून एक गोलपोस्ट छान दिसते. पलीकडचं अर्धं मैदान जाहिरातींच्या फलकांआड जातं, तिकडं काय चाललंय ते गॅलरीच्या आवाजावरून ओळखायचं. त्या दिवशी आमचा फॉरवर्ड चेंडू घेऊन माझ्याच बाजूला सुटला, मी श्वास रोखला... आणि माझी खुर्ची गर्रकन फिरली. कुणीतरी मागून धरून मला सावलीत नेत होतं. मागं गॅलरी दणाणली.

"ऊन लागत होतं तुम्हाला," तो म्हणाला. छातीवर संयोजन समितीचा बिल्ला, चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान.

"गोल झाला तिकडं. माझ्या टीमचा," मी म्हणाले. "पोतं हाय का मी, उचललं की ठेवलं?"

त्याचे कान लाल झाले. खुर्ची परत फिरवायला त्यानं हात पुढं केला, मग तो हात हवेतच थांबला. "मी नेऊ... का तुमचं तुम्ही जाताय?"

माझी मी गेले. पण तो मागोमाग आला आणि हुकलेला गोल त्यानं पाण्याच्या रिकाम्या बाटलीला लाथ मारून मला दाखवला. इतका मनापासून, की राग टिकेना.

पुढच्या सामन्याला तो एक क्रेट उलटा टाकून शेजारी बसला. त्याचं बॅटरीचं दुकान होतं, आणि घरदार सूर्योदय मंडळाचं, म्हणजे आमच्या पिढीजात वैऱ्यांचं. मी उद्यमनगरात एका फाउंड्रीसाठी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करते, बाजूला जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून एकटी येते-जाते, हे त्यानं खारे दाणे खात खात काढून घेतलं. त्याचा मित्र गुंडू चहा घेऊन आला आणि माझ्याकडं न बघताच त्याला विचारू लागला, ह्यांना चहा चालतो का?

"त्यांनाच विचार की," मृत्युंजय म्हणाला. "तोंड चांगलं चालतंय त्यांचं."

फलकांआडचा खेळ तो उभा राहून मला सांगायचा. त्याच्या सांगण्यात आमचे खेळाडू सारखे पडतच असायचे. खोटं सांगताय, असं मी म्हटलं, की तो म्हणे, "मग माझ्या तोंडाकडं बघून ओळखा." मी बघायची... मग पलीकडं काय झालं, ते दोघांनाही कळायचं नाही.

फायनलला नेमके आमचेच दोन संघ आले. आठ दिवस आधी त्याचा फोन. कोपऱ्यात फूटभर उंच ओटा केला तर फलकांवरून सगळं दिसेल, पण चढायला उतार केवढा ठेवायचा? मी ड्रॉइंगच काढून पाठवलं. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. त्याला दोन फुटांत भागवायचं होतं. दोन फुटांवरून शेळी चढेल, मी नाही, असं मी कळवलं.

फायनलच्या दिवशी उतार बरोब्बर बारा फूट होता. माझ्या हातांनी चाकं फिरवत मी वर गेले आणि त्या मैदानावर पहिल्यांदाच दोन्ही गोलपोस्ट एकदम बघितल्या. मृत्युंजय खाली उभा राहून माझ्याकडं बघत होता.

हाफटाइमला लाउडस्पीकर खरखरला. "आपल्या दिव्यांग भगिनी, जिद्दीची मूर्ती, कुमारी दानेश्वरी यांचा सत्कार..." समितीचे अध्यक्ष आकाराममामा शाल-श्रीफळ घेऊन ओट्यावर आले. सगळी गॅलरी उभी राहून टाळ्या वाजवू लागली. मी काय केलं होतं? तिकीट काढून मॅच बघत होते. मी मृत्युंजयला शोधलं. त्याची मान खाली होती. म्हणजे त्याला माहीत होतं.

मी माईक मागून घेतला.

"मामा, मी कायबी केलेलं न्हाय. तुमच्यासारखीच मॅच बघायला आलोय. शाल आमच्या गोलकीपरला द्या, पेनल्टी अडवलीय त्यानं."

मग आमच्या गॅलरीतून हशा आणि शिट्ट्या उसळल्या. गोंधळलेल्या मामांनी शाल खरंच गोलकीपरच्या खांद्यावर टाकली.

सामना आम्ही एक-शून्यनं हरलो. गर्दी ओसरली तरी मी वरच बसून राहिले. मृत्युंजय उताराच्या तळाशी येऊन थांबला. ओट्याला आणि उताराला फळ्या हव्या असतील तर सत्कार ठेवायचा, पेपरात फोटो द्यायचा, असं समितीचं म्हणणं होतं. तो हो म्हणाला, आणि मला सांगायचा धीर त्याला झाला नाही. चुकलंच, म्हणाला.

"फळ्यांसाठी विकलंत मला," मी म्हणाले. "आणि भगिनी कुणी सुचवलं?"

"ते त्यांचं." तो फळीवरची धूळ बोटानं पुसत राहिला. "मी तसं म्हणालो न्हाय. म्हणणारबी न्हाय... कधीच. जमायचंच न्हाय मला ते."

मी खुर्ची उताराच्या कडेपर्यंत पुढं घेतली.

"मग काय म्हणणार?"

"दानेश्वरी," तो म्हणाला. नुसतं नाव, पहिल्यांदाच. "चालंल?"

"चालंल," मी म्हणाले. "पण उद्या घरी येऊन आमच्या बाबांसमोर म्हण. आणि गळ्यातला तो सूर्योदयचा रुमाल घालून येऊ नकोस. चिंचबनचे जुने खेळाडू हायेत ते."

मैदानाच्या मधोमध त्याची सगळी गँग गुलाल उधळत, त्याच्या नावानं हाका मारत नाचत होती. त्यानं एकदा तिकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग रुमालाची गाठ सोडली, तो घडी न घालताच खिशात कोंबला आणि उतार चढून वर आला.