उरलेली माती

मातीमेळ प्रणालीने तिसऱ्यांदा तोच आकडा दाखवला, तेव्हा शलाका तुपेने पडद्यापुढे हात जोडले. "बाई गं, आता तरी ऐक!"

गणित कुणाचं ऐकतंय! चंद्रावरच्या त्यांच्या वसाहतीवर उद्या सौरवादळ धडकणार होतं. त्याच्या घातक किरणांपासून वाचायचं, तर छतावर तीन मीटर मातीचा थर हवा. छतं दोन: वीस जणांचं मोठं दालन, आणि पलीकडे एकट्या अन्वर पटवेकरची रुग्णखोली. खननयंत्र उलटून अन्वरचा कणा मोडला होता. कणा ताणून धरणाऱ्या चौकटीतून त्याला आत्ता हलवणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि उरलेल्या वेळात यंत्रं जेवढा खड्डा खणू शकत होती, त्यातली माती दोन्ही छतांना पाचव्या हिश्श्याने कमी पडत होती.

"दोन्हीकडे पातळ थर दिला तर सगळेच जातील," मुख्य अभियंता गवाणकर म्हणाले. "माती मोठ्या दालनावरच टाकू. अन्वरला... मी सांगतो."

शलाकाला ते पटेना. गेल्याच महिन्यात अन्वरने तिला दुर्बिणीतून दाभोळची खाडी दाखवायचा हट्ट धरला होता. दिसले ते नुसते ढग, पण दोघं पोट धरून हसले होते. असा माणूस उघड्या छताखाली सोडून द्यायचा? छे!

"सर, हिशेबात शंभराचे नव्वद कसे झाले?"

"आक्रसगुणक, दुसरं काय! जमिनीतली शंभर घनमीटर माती भरावात दाबून बसवली की नव्वदच भरते. सह्याद्रीत घाटरस्ते करताना कधी चुकला नाही, म्हणून मीच तो इथे भरला."

"घाटातला आकडा?" शलाका ताडकन उठली. "सर, आपण इथे उतरलो तेव्हा तुमची ती भूमिपरीक्षा..."

परीक्षा म्हणजे गवाणकरांच्या गावची रीत. घर बांधण्याआधी हातभर खड्डा खणायचा आणि तीच माती परत भरायची. उरली तर जागा शुभ, कमी पडली तर अशुभ. तेव्हा सगळ्यांनी त्यांची यथेच्छ टर उडवली होती.

"उरली होती की!" गवाणकर म्हणाले. "अन्वरने ठोकून ठोकून भरली, तरी हा एवढा ढीग राहिला. मी सगळ्यांना शिरा खाऊ घातला, विसरलीस?"

"अहो, मग शंभराचे नव्वद कुठे झाले? वाढले! इथली खालची माती कोट्यवधी वर्षं उल्कांच्या हादऱ्यांनी गच्च बसलीय. दाणेही काचेच्या चुऱ्यासारखे टोकदार, एकमेकांत अडकलेले. एकदा खणून सुटले, की आपल्या कुठल्याही रोलरला ते पुन्हा तसे बसवता यायचे नाहीत."

"पण सैल मातीने किरणं अडतील?"

"तीन मीटरचा नियम सैल मातीचाच आहे, सर."

गवाणकरांनी कपाळ चोळलं. "हातभर खड्ड्यावर माणसाचा जीव टांगायचा नाही, शलाका."

"टांगू नका. मोजू या."

सकाळपासून खणलेल्या खड्ड्याचं त्यांनी लेझरने माप घेतलं, मग रोलर फिरवलेल्या त्याच्या ढिगाचं. खड्डा शंभर, तर ढीग जवळजवळ एकशे वीस! शलाकाने नवा गुणक भरला. पडद्यावरचा लाल आकडा हिरवा झाला आणि तिला रडूच कोसळलं. दोन्ही छतं झाकून वर माती शिल्लक राहत होती. गवाणकरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि यंत्रं रुग्णखोलीकडेही वळवायला सांगितली.

वादळ आलं नि गेलं. रुग्णखोलीतल्या किरणमापकाचा काटा जागचा हलला नाही. दारं उघडताच दोघं अन्वरकडे धावले.

"हुश्श! आहेस बाबा," शलाका म्हणाली आणि सगळा हिशेब तिने त्याला सांगितला.

गवाणकरांची छाती फुगली होती. "बघ अन्वर, टर उडवत होतात ना? माझ्या परीक्षेने जागा शुभ निघाली, ती खरीच शुभ!"

अन्वरने थोडा विचार केला. "पण साहेब, शलाकाबाईंचं खरं असेल, तर चंद्रावर कुठंही खणा, माती उरणारच की. तुमची परीक्षा इथं कुठल्याच जागेला नापास करायची नाही."

गवाणकरांचा चेहरा खर्रकन उतरला. मग त्यांचं लक्ष अन्वरच्या उशाशी हसणाऱ्या शलाकाकडे गेलं, आणि त्यांनाही हसू आवरेना.

"नाही केलं नापास, तर नाही," ते डोळे पुसत म्हणाले. "मी शिऱ्याचं सांगून येतो."