मधल्या सुट्टीचा चमचा

शाळेतून परतताना बाई औषधांच्या दुकानात शिरल्या. नवऱ्याची मधुमेहाची नवी गोळी घ्यायची होती. जुन्या गोळीनं त्याच्या झोपेचं पार खोबरं केलं होतं.

तो वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रपाळीला. सकाळी घरी यायचा, गोळी घेऊन दोन घास खायचा आणि जाड पडदे ओढून आडवा व्हायचा. त्या गोळीनं झोपेतच साखर उतरायची. घामानं उशी भिजायची, नाही नाही ती स्वप्नं पडायची आणि उठताना माणूस पिळून काढल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. अशा झोपेतून काही जण उठतच नाहीत.

"थोडक्यात कसलं?" संध्याकाळी चहा घेताना तो हसला. "तू मधल्या सुट्टीत पळत येऊन साखर भरवायचीस, म्हणून वाचलो. रोज वाटायचं, हिला एकदा थँक्यू म्हणावं. मग म्हटलं, बायकोला कसलं थँक्यू!"

बाईंचा हात कपावरच थांबला. शाळा दोन गल्ल्या पलीकडे होती खरी, पण मधल्या सुट्टीत घोटभर पाणी प्यायला फुरसत मिळेल तर शपथ.

"मी… कधीच आले नाही हो."

"मग चमचा कोण धरायचं? आणि अंगठ्यानं ओठ कोण पुसायचं?"

अंगठ्यानं ओठ पुसणारी एकच बाई त्या घरात होऊन गेली होती, त्याची आई. ती जाऊन वर्ष झालं होतं. दोघांच्याही मनात तीच आली. खरं सांगायचं तर बाईंना भीती कमी वाटली आणि भरूनच जास्त आलं. मेल्यावरही पोराला जपणारी माउली! त्यांनी मनातल्या मनात हात जोडले.

नवी गोळी गुणाची निघाली. तो ढाराढूर झोपू लागला. पण पुढच्या तपासणीत साखर चढलेली, त्यापुढच्या वेळी आणखी. पायाच्या बोटावरची जखम काही भरेना. डॉक्टर उखडले, "चोरून गोड खाता का? आज बोट जाईल, उद्या पाय." त्यानं बायकोच्या गळ्याची शपथ घेतली. बाईंना आधी वाटलं, मांजर डोळे मिटून दूध पितंय. त्यांनी घरातली साखर शेजारणीला देऊन टाकली, डबा धुऊन पालथा घातला. तरी उठल्यावर त्याचे ओठ चिकटच.

मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. गोळी बदलल्याचं त्या माउलीला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी रजा टाकली आणि त्याच्याशेजारी गादीवर बसून राहिल्या. बाहेर लख्ख ऊन होतं. खोलीत मात्र पडद्यांचा कुबट अंधार आणि त्याचा संथ श्वास. दुरून शाळेची घंटा ऐकू आली. मधली सुट्टी झाली होती.

आधी वास आला, आटत आलेल्या पाकाचा. मग झोपेतच त्यानं लहान पोरासारखा आ केला. समोर कुणी नव्हतं. तरी त्याचा गळा हलला. एक घोट. पुन्हा एक. ओठाचा कोपरा कुणीतरी दाबल्यासारखा खोल गेला आणि वर आला.

बाईंनी समोरच्या अंधारापुढे हात जोडले. "आई… आता नको, आई. गोळी बदललीय त्याची. ही साखरच त्याला घेऊन जाईल… पाय जाईल हो त्याचा."

गळा हलायचा थांबला. खोलीत काहीच हललं नाही. बाईंना हुंदका आला. आपलं ऐकलं, नवरा वाचला, एवढंच त्यांना कळत होतं.

"उपकार झाले, आई…"

तेवढ्यात तो झोपेत कुशीवर वळला आणि कोवळ्या, अनोळखी आवाजात पुटपुटला, "आई, मला पुरे… हिला दे ना."

बाईंच्या बाजूची गादी हळूच खचली. त्यांच्या मिटलेल्या ओठांना काहीतरी गार टेकलं. त्यांनी दात आवळले. ते तिथंच थांबलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली, मुलांचा गलका विरला, तरी ते थांबूनच होतं.

मग त्यांच्या हनुवटीखाली बोटं आली, फार मायेनं.