घोडा कुठल्या घरावर

भोरहून विंझरच्या शाळेत रोज स्कूटीवरून जाऊन-येऊन अश्विनीचं कंबरडं मोडायची वेळ आली होती. त्यात मतदार यादीसाठी घरोघर फिरायचं काम गळ्यात पडलेलं. त्यातून जरा डोकं वर काढावं, तर समोर वडील उभे. गेनबा, वय अठ्ठ्याहत्तर. विंझरच्या वर डोंगरात सहा घरांची वाडी आहे, तिथे ते एकटे राहायचे. खाली लेकीकडे या म्हटलं की त्यांचं एकच उत्तर असायचं.

"येतो की. पर रिव्हॉल्व्हर कुठं ठिवू?"

अश्विनीला या प्रश्नाचा वीट आला होता. ते रिव्हॉल्व्हर तिच्या आजोबांचं. आजोबा भोर संस्थानच्या शिकारखान्यात होते, आणि संस्थान विलीन झालं तेव्हा ते विलायती हत्यार त्यांच्याकडे राहिलं. पुढे परवाना गेनबांच्या नावावर झाला, आणि त्याच्या नूतनीकरणाचे फॉर्म भरणं अश्विनीच्या कपाळी आलं. दर वेळी तेच फोटो, तेच अंगठे, आणि दर वेळी गेनबांची तीच कुरकूर की हत्याराचा फोटो नीट आला नाही.

वस्तू देखणी होती, हे ती मनात कबूल करायची. हातात घेतलं की मनगट खाली यायचं, इतकं वजन. नळीवरचा काळा रंग झिजून खालचं पोलाद उघडं पडलेलं. मुठीचं लाकूड हाताळून हाताळून गुळगुळीत झालेलं, आणि मुठीच्या तळाला गोफ अडकवायची कडी. बिजागरीवर मधून दुमडून उघडलं की काडतुसांची सहाही घरं समोर यायची. गेनबा दर रविवारी ओट्यावर बसून ते पुसायचे आणि पाच घरांत पाच काडतुसं भरायचे. सहावं काडतूस तंबाखूच्या जुन्या डबीत ठेवायचे.

"घोडा ज्या घरावर टेकतो, ते घर रिकामं पायजे," ते सांगायचे. चाप ओढल्यावर काडतुसावर आपटतो तो घोडा. "न्हाईतर हातातनं पडलं, घोड्याला दणका बसला, की उडतंच."

यात शहाणपण होतं, म्हणून अश्विनी ऐकून घ्यायची. वैताग यायचा तो पुढचं ऐकून. कारण गेनबा बंदुकीवरून बोलता बोलता वाडीवर यायचे, आणि घर म्हणजे काडतुसाचं की माणसांचं हेच कळेनासं व्हायचं.

"माझ्या बाकडं एकदा भोरचं पाव्हणं आलं शिकारीला. म्हणालं, पाचच का, भितोस व्हय? बानं इरेला पडून सहा भरली. दिस मावळायच्या आत वाडीतल्या सावळाचं घर रिकामं. पाच माणसं. तव्यावर भाकरी करपलेली, चूल पेटलेली, मान्सं न्हाईत. आजवर न्हाईत."

"आबा, प्लेगबिग असेल. नाहीतर गेले असतील मुंबईला गिरणीत."

"भाकर तव्यावर टाकून?"

यावर अश्विनी चिडून स्कूटीची किल्ली उचलायची.

वाडीत सहा घरं, आणि त्यातलं एक कायम बंद. मतदार यादीचं काम ती दहा वर्षं करत होती, त्यामुळे हे तिला कागदावर दिसायचं. पहिल्या यादीत ठकुबाईच्या घरापुढे तिनेच 'घर बंद' लिहिलं होतं. पुढच्या खेपेला ठकुबाई लेकाकडून परत आली होती, आणि रतनबाईचं दार लागलेलं होतं. या वर्षी कुंडलिकचं. तो बायकोपोरांसह हडपसरला कामाला होता. एक आलं की एक जायचं. सहाही दारं उघडी तिने पाहिली नव्हती. नोकरीधंद्याला माणसं येतात-जातात, त्यात काय, असं ती म्हणायची.

बंद घराच्या अंगणात मात्र घोड्याच्या टापांचे ठसे असायचे. तांबड्या मातीत अर्धचंद्र, दारापाशी गर्दी करून, एकाच जागी बराच वेळ उभं राहिल्यासारखे. वाडीत घोडा कुणाकडेच नव्हता. वरच्या माळावरून मेंढरंवाले उतरतात, त्यांचं घोडं मोकळ्या अंगणात येत असेल, हे तिनेच ठरवून टाकलं होतं. मेंढरंवाले दिवाळीनंतर उतरतात आणि ठसे बारा महिने असतात, याचा विचार तिने कामाच्या रगाड्यात करायचा टाळला.

गेनबांचा गुडघा गेला तेव्हा तिच्या नवऱ्याने, धनाजीने, विषय कायमचा मिटवायचं मनावर घेतलं. धनाजीचं भोरमध्ये बांधकाम साहित्याचं दुकान होतं आणि हत्यारांची त्याला हौस होती. म्हाताऱ्या माणसाचा परवाना जावयाच्या नावावर करता येतो, हे त्यानेच शोधून काढलं. मग पुण्याच्या खेपा. पाचव्या खेपेला परवाना धनाजीच्या नावावर झाला आणि तो आणि अश्विनी जुनं रिव्हॉल्व्हर देऊन नवं घ्यायला बंदुकांच्या दुकानात गेले. गेनबा हट्टाने बरोबर आले.

दुकानदार वयस्क होता. त्याने जुनं रिव्हॉल्व्हर उचललं, उघडलं, मिटवलं, आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

"असं पोलाद आता नाही," तो म्हणाला. "नवीन हलकं आहे, सुरक्षित आहे, सगळं आहे. पण हे हातात घेतलं की कळतं ना, कुणीतरी बसून कानशीने घासलेलं आहे." मग गेनबांकडे बघून त्याने विचारलं, "एक घर रिकामं ठेवत होता ना?"

"व्हय तर."

"नव्याला गरज नाही. सहाही भरा. घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये पट्टी आहे. चाप पुरता ओढल्याशिवाय घोडा काडतुसाला शिवतच नाही."

"म्हंजी घोडा टेकतो कुठल्या घरावर?"

"कुठल्याच नाही, आजोबा. तीच तर सुधारणा."

गेनबा नवं रिव्हॉल्व्हर बघत राहिले. काळंभोर, रबराची मूठ, खोक्यात फोममध्ये बसवलेलं. त्यांनी ते कानाशी धरून हलवलं. आतलं काहीतरी बारीक खुळखुळलं.

"जुना सांगत तरी व्हता, कुठं उभाय," ते म्हणाले. "ह्यात त्यो टेकत न्हाई, मंग हिंडत आसंल."

"आबा, चला आता," अश्विनी म्हणाली. पार्किंगचा तास संपत आला होता.

त्यानंतर पंधरा दिवसांनी कुंडलिक परत आला. हडपसरची कंपनी बंद पडली म्हणून बिऱ्हाड टेम्पोत घालून त्याने वाडी गाठली. अश्विनी यादीच्या दुसऱ्या फेरीला गेली तर सहाही दारं उघडी, सहाही चुली पेटलेल्या. 'घर बंद' कुठेच लिहावं लागलं नाही. ती अंगणाअंगणातून फिरली. एकही ठसा नव्हता.

"बघा," ती वडिलांना म्हणाली. तिला खरोखर बरं वाटत होतं. "गेलं तुमचं घोडं."

"ते दिसतंयच की," गेनबा म्हणाले. "पर गेलं कुठं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून पिशवी भरली. इतकी वर्षं विनवण्या करून जे झालं नाही ते असं फुकट झालं, म्हणून अश्विनी सुखावली. विंझरहून चेलाडी, कापूरहोळ करत ती त्यांना स्कूटीवर मागे बसवून भोरला घेऊन आली. बिल्डिंगच्या खाली उतरल्यावर त्यांनी मान वर करून बघितलं.

"हितं घरं किती?"

"सहा. खाली पार्किंग, वर तीन मजले, दोन दोन. आमचं वर, तिसऱ्यावर."

"समदी भरल्याली?"

"हो आबा, सगळी. भोरमध्ये जागा मिळते का रिकामी?"

गेनबा जिन्याच्या पहिल्या पायरीवर टेकले आणि बराच वेळ उठले नाहीत. गुडघा दुखत असेल, असं तिला वाटलं.

घरात ते कुणाला त्रास देईनात. नात कोमल अभ्यासाला बसली की तिच्यापाशी बसायचे. पण त्यांनी पिशवी सोडली नाही. दाराशी तशीच ठेवली. आणि रोज धनाजीला एकदा विचारायचे, "जावई, किती भरलीत?"

"सहा, मामा."

"एक काढा की."

"अहो मामा, सांगितलं ना त्या माणसाने. गरज नाही."

"माझ्यासाठी काढा."

धनाजी हसून सोडून द्यायचा. अश्विनी चिडायची. वडिलांवर चिडायची, आणि एक काडतूस काढायला काय जातं म्हणून नवऱ्यावरही. तो चांगलं नवंकोरं रिव्हॉल्व्हर अर्धवट कशाला ठेवू म्हणायचा. कपाटाची किल्ली त्याच्या खिशात असायची.

त्या आठवड्यात बिल्डिंगमध्ये जिन्यावरून कुरबुर सुरू झाली. तळमजल्यावर कुणीतरी चिखलाचे पाय घेऊन फिरतं. मग पहिल्या मजल्यावर. समोरच्या फ्लॅटमधली सोनिया लादी पुसता पुसता अश्विनीला म्हणाली, "ताई, तुमच्या दुकानाचे गडी सिमेंटच्या गोण्या घेऊन वर येतात का? कसले ठसे आहेत बघा."

"आमचे गडी वर कशाला येतील?" अश्विनी तुटकपणे म्हणाली आणि खाली बघायचं टाळून जिना उतरली. माती तांबडी होती. भोरच्या बाजारपेठेत तांबडी माती नाही.

शनिवारी शाळा सकाळची होती, पण यादीच्या बैठकीत संध्याकाळ झाली. कापूरहोळच्या पुढे तिने स्कूटी बाजूला घेऊन घरी फोन लावला. धनाजीने उचलला नाही. कोमलने नाही. गेनबांना मोबाईल उचलता यायचा नाही, तरी तिने लावला.

बिल्डिंगपाशी आली तेव्हा उजेड होता. ती भराभरा वर चढली.

पहिल्या मजल्यावर ठसे होते. दुसऱ्या मजल्यावर होते.

तिसऱ्या मजल्यावर करपल्याचा वास येत होता.

दोन्ही दारांच्या मध्ये, पुसलेल्या लादीवर, तांबड्या मातीचे अर्धचंद्र गर्दी करून उमटले होते. कुणीतरी बराच वेळ तिथे उभं होतं आणि त्याचं ठरत नव्हतं.

तिचं दार लोटलेलं होतं. तिने ते ढकललं.

कोमल वहीवर मान घालून बसली होती. "आई, फोन चार्जिंगला होता," ती म्हणाली. मोरीत धनाजी तोंड धूत होता. अश्विनी भिंतीला टेकली. तिला एवढंच कळत होतं की तिची माणसं घरात आहेत.

गेनबा दाराजवळच्या खुर्चीवर होते. ते समोरच्या दाराकडे बघत होते.

"तिकडं बघून ये," ते म्हणाले.

सोनियाचं दारही लोटलेलं होतं. टीव्ही चालू. गॅसवर तवा, तव्यावर पोळी, काळी ठिक्कर. ओट्यावर लाटलेली दुसरी पोळी, तिच्यावर लाटणं. तिच्या नवऱ्याची चप्पल दारात, मुलाची शेजारी, सोनियाची त्यांच्या शेजारी.

धनाजीने मागून येऊन गॅस बंद केला. "लोक पण काय," तो वैतागून म्हणाला. "गॅस चालू टाकून जातात."

अश्विनी परत आपल्या दारात आली. गेनबांनी खाली वाकून पिशवीची गाठ सोडली आणि आपले कपडे बाहेर काढायला सुरुवात केली.

"टेकला घोडा," ते म्हणाले.

चौकशी झाली. नातेवाईक आले, रडले, गेले. दाराला कुलूप लागलं. पुढच्या रविवारी धनाजीने कपाट उघडलं आणि रिव्हॉल्व्हर पुसायला घेतलं. त्याने काडतुसांच्या घरांचं चक्र बाजूला काढलं आणि तो तसाच थांबला. सहा घरं, पाच काडतुसं. त्याने खोकं उलटं केलं, कपाट धुंडाळलं, किल्ली खिशात चाचपली. सहा भरलेली होती, हे त्याने स्वतः केलेलं काम होतं.

"खोक्यातलं दुसरं घालतो," तो शेवटी म्हणाला.

"राहू दे तसंच," अश्विनी म्हणाली.

आता ती जिन्याची लादी आपल्या उंबऱ्यापासून मधल्या रेघेपर्यंतच पुसते. समोरच्या दारापुढची माती कुणी पुसत नाही, आणि ती रोज सकाळी ओली असते.